लवणातले गंगाधरराव

गंगाधरराव खिशात लिंबू बाळगतात. कॉलनीत नव्याने आलेल्या भाडेकरूंना हा करणीचा प्रकार वाटतो आणि ते महिनाभर त्यांच्या दारावरून जायचे टाळतात. तसे काही नाही. गंगाधरराव नव्या जागी गेले की लिंबू जमिनीवर ठेवतात, ते कुठे घरंगळते ते पाहतात आणि मगच यजमानाने दिलेल्या खुर्चीवर बसतात. एका लग्नात लिंबू थेट नवरीच्या पाटाखाली गेले. मंगलाष्टके थांबली. गंगाधरराव शांतपणे वाकले, लिंबू उचलले आणि वरबापाला म्हणाले, "मांडव उताराला घातलाय तुम्ही."

ते मोजणी खात्यात भूकरमापक होते. जिल्ह्यातली शेते मोजण्यात सगळी नोकरी सरली. निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, पण मोजणी थांबलेली नाही. आता ते माणसांचे शब्द मोजतात. समोरच्याने 'डोंगर' म्हटले की विचारतात, "चढलाय का कधी?"

त्यांच्या व्याख्या ठरलेल्या आहेत. ज्याच्याआड सूर्य जातो तो डोंगर. जिच्याआड माणूस जातो ती टेकडी. जिथे उभे राहिल्यावर कुणीच कशाच्या आड जात नाही तो माळ. कुणी वाद घातला तर त्यांचे एकच उत्तर असते, "डोळ्याला काय विचारता? पायाला विचारा."

मी वर्तमानपत्रात आहे. आमच्या अंकात एकदा 'मुरमाचा डोंगर रस्त्यावर कोसळला' असे छापून आले. सकाळी सातला गंगाधरराव अंक घेऊन दारात हजर. "हा डोंगर का? मग देवगाव रंगारीच्या पुढं जे दिसतंय, त्याला काय हिमालय म्हणता?" मी म्हटले, चूक झाली. ते म्हणाले, "चूक नाय, न बघता लिवलंय." हे जास्त लागले. कारण ते खरे होते.

आमची कॉलनी बिडकीनच्या वाटेवर आहे. नाव 'शिखर पार्क'. कमानीवर बर्फाच्छादित पर्वत रंगवलेला आहे आणि त्याखाली कुत्री झोपतात. गंगाधररावांच्या मते ही जागा शिखर तर नाहीच, उलट लवण आहे. लवण म्हणजे दोन उंचवट्यांमधली खोलगट जमीन. वरची माती वाहून तिथे साचते, ओल टिकते, ज्वारी चांगली येते. आमच्याकडे ज्वारी नाही. पार्किंग आहे.

हे त्यांनी वार्षिक सभेत सांगितले. सेक्रेटरी सोनवणे प्लॉट विकण्याचा धंदा करतात. ते भडकले. "काका, लई झालं आता. खोलगट म्हटल्यावर घेणारा येईल का इथं? रेट पडतील ना!"

गंगाधरराव उठले. सोनवण्यांच्या फाटकासमोर जाऊन लिंबू ठेवले. लिंबू रमतगमत निघाले, तीन घरे ओलांडून गंगाधररावांच्या पायरीला टेकले. सगळी सभा त्यामागे चालत गेली होती. "बघा," ते म्हणाले, "याला कमिटीचा ठराव लागत नाय."

वॉचमन शेखचाचांनाही त्यांनी सोडले नाही. "कोणी लवण विचारलं तर माझ्याकडं पाठवायचं." चाचा म्हणाले, "जी साब. पर पूछनेवाला तो कोई आताच नई." हेही खरे होते. गंगाधररावांकडे कोणी येत नाही. मुलगा पुण्यात आहे, बायको जाऊन चार वर्षे झाली. येते ते फक्त लिंबू.

दिवाळीनंतर त्यांनी कहर केला. घराच्या भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिले: लवण. खाली बाण. दुसरा बाण कमानीच्या खांबावर, पर्वताच्या बरोबर पायथ्याशी. कमिटीची तातडीची बैठक झाली. अक्षरांवर चुना मारायचे ठरले. नोटीस मी लिहिली, कारण कॉलनीत शुद्ध लिहिणारा मीच. चाचा जागेवर नसले की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटही मीच सांगतो. कमिटीवर असल्याचा तेवढाच अधिकार.

रविवारी नोटीस आणि पेंटर घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. गंगाधररावांनी नोटीस वाचली, घडी घातली आणि मला बसायला सांगितले.

"सखाराम नावाचा शिपाई होता माझ्याकडं. सिल्लोडकडचा. अठ्ठावीस वर्षं मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक त्यानं धरलं. मी लांबून वरडायचो, 'लवणात थांब!' की हा बरोबर जागेवर. कधी मागंपुढं नाय." त्यांनी लिंबू एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. "नातवाच्या फोनवरून विचारलं त्यानं, साहेब, राहता कुठं? म्हटलं, बिडकीनच्या वाटंला, लवणात."

"शिखर पार्क सांगायचं ना," मी म्हणालो.

"मग तो वर बघत हिंडला असता."

"मग?"

"दिवाळीत आला व्हता. एकटाच. गेटापर्यंत आला. बरोबर आला व्हता हो तो! पायाला कळलं त्याच्या. पण गेटावरचा माणूस म्हणाला, इथं लवणबिवण काय नाय, हे शिखर पार्क हाय. गेला परत. करंज्या घेऊन आला व्हता, एसटीत वाटल्या म्हणं."

पेंटर बाहेर बादलीत चुना ढवळत होता.

"आता संक्रांतीला परत येतो म्हणालाय. गुडघे गेलेत त्याचे, तरी येतो म्हणतोय."

"म्हणून भिंतीवर लिहिलंत होय," मी म्हणालो. "त्याला दिसावं म्हणून."

"त्याला कुठं वाचता येतंय?" गंगाधरराव म्हणाले. "ते तुमच्यासाठी लिवलंय. त्यानं विचारलं तर तुम्हाला सांगता यावं म्हणून."

मी बाहेर जाऊन पेंटरला परत पाठवले. आत आलो तेव्हा ते नोटीस माझ्यापुढे धरून उभे होते.

"गेटावर कोण व्हतं, चाचाला विचारलं मी. तो म्हणतो, मी नव्हतो. सखाराम म्हणतो, चष्मेवाला साहेब व्हता, पेपर वाचत उभा. मान वर न करता बोलला." त्यांनी नोटीस माझ्या हातात ठेवली. "तुम्ही असता गेटावर सकाळचं. कोण असंल हो?"

मी चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती.