कोरी

हळदवण्याच्या फलस्वाद चहा संघात गेल्या चैत्रापासून चहा माणसांची चव घेऊ लागला. कार्यकारिणीने तसा ठराव केला नव्हता, पण विरोधाचाही केला नव्हता, त्यामुळे ते चालू राहिलं.

चहा म्हणजे जामाच्या स्वादाचा पांढरा चहा. जाम पावाला लावायचा तो नव्हे; परसात झाडाखाली फळांचा सडा पडतो तो, पांढरा, पाणीदार, खाल्ल्यावर तोंडात गुलाबाचा वास ठेवून जाणारा. चहाची कोवळी, लवदार पानं बाहेरगावाहून यायची आणि इथे जामाच्या फोडींशेजारी दोन दिवस मुरायची. पांढरा आहे म्हणजे दुधाचाच असणार, असं समजून कार्यकारिणीने पहिल्याच बैठकीत त्यात दूध, साखर आणि आलं घालून तो खळखळून उकळला होता. त्यानंतर तो आठ दिवस रुसला. तेव्हापासून भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी आहे: ‘येथे चहा कोरा असतो.’

चव घेण्याची रीत साधी होती. कप ओठाला लावायचा, पण आपण ओढायचं नाही. घोट चहाच घेतो. मग किटलीच्या वाफेवर कागद धरायचा. दोन मिनिटांत त्यावर फिकट तपकिरी अक्षरं उमटतात. अक्षर वळणदार असतं आणि ऱ्हस्वदीर्घाची चूक नसते. लेखनिकाबद्दल ‘शिळा’ असं उमटलं तेव्हा तो तीन दिवस रजेवर गेला. सचिव ठाकूरदेसाईंबद्दल ‘कडू, पण टिकाऊ’ असं उमटलं. ते त्यांनी चौकट करून टेबलामागे लावलं.

एवढं झाल्यावर सचिवांनी आदेश काढला की प्रत्येकाची चव एकदा घेतली जावी आणि शेरा सेवापुस्तकात लागावा. चहाच्या परीक्षक शशिकलाबाई नेरूरकर यांची पाळी मंगळवारी अकरा वाजता होती.

शशिकलाबाई सव्वीस वर्षं संघाचा चहा चाखत होत्या. आणि गेल्या मार्गशीर्षाच्या आधीच्या मार्गशीर्षात आलेल्या तापानंतर त्यांच्या जिभेला कसलीही चव नव्हती. नाकालाही वास नव्हता. जाम आणि साबण यांत त्यांना फक्त मऊपणाचा फरक कळत असे. घरी सांगायला कुणी नव्हतं आणि कचेरीत सांगायची सोय नव्हती, म्हणून त्या रोज कप तोंडाला लावत, डोळे मिटत, आणि जुन्या वहीतला शेरा आठवून लिहीत: पहिल्या घोटाला जाम, मग कोवळं गवत, जाताजाता मध. कुणाची तक्रार आली नाही. त्याचीच त्यांना जास्त लाज वाटायची.

आणखी एक गोष्ट झाली होती. हळदवण्यात पाहुणा आधी ‘नको’ म्हणतो, मग ‘अर्धाच’ म्हणतो, आणि अर्धा संपला की तिथेच गप्पा मारत बसतो. जिथून उठावंसं वाटत नाही तिथेच अर्धा मागतात, हे सगळ्यांना माहीत असतं. तापानंतर शशिकलाबाईंनी एकदा शेजारणीच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. शेजारीण बिचारी काही न बोलता प्यायली, पण पुढे शशिकलाबाईंनी कुणाला चहा विचारणंच सोडलं. हळूहळू माणसं यायची थांबली. वर्षभरात त्यांच्या ओट्यावर कुणी ‘अर्धाच’ म्हटलं नव्हतं. राहता राहिली होती ती ही नोकरी, आणि आज चहा सगळं बाहेर काढणार होता.

मंगळवारी चहा करायला नेहमीच्या गावडे मावशी होत्या. पाण्यावर त्यांचं बारीक लक्ष असे. भांड्याच्या तळाशी मोहरीएवढे बुडबुडे दिसले की त्या भांडं उतरवत.

“घाबरतास कित्याक?” मावशी म्हणाल्या. “माझ्याबद्दल लिवल्यान, खारट, पण शेवटाक गोड. मी घरी घोवाक दाखवलंय. तो म्हणता, गोड खय हा ता आमका पण दाखव.”

शशिकलाबाईंना हसू आलं नाही. सचिव आले, घड्याळ पाहिलं, आणि चहाला तीन मिनिटं मुरू दिलं. शशिकलाबाईंनी कप ओठाला लावला. ओठांना ऊब लागली, बाकी काही नाही. चहाने घोट घेतल्याचं कळलं, कारण कप जरा जड झाला. मग सचिवांनी वाफेवर कागद धरला.

दोन मिनिटं झाली. चार झाली. सचिवांनी कागद खिडकीशी नेऊन उलटा सुलटा पाहिला.

“बाई, कागद कोरा आहे,” ते म्हणाले. “शेरा नसेल तर सेवापुस्तक अपुरं राहतं. अपुऱ्या सेवापुस्तकावर परीक्षक म्हणून ठेवता येत नाही.”

“कागद कोरो न्हय हो,” मावशी म्हणाल्या. “चहानच लिवल्यान हा, कोरो.”

“लिहिलंय तर दिसत का नाही?”

“कोरो लिवचो कसो? काय लिवल्यार तो कोरो ऱ्हवात?”

सचिव विचारात पडले. मुद्दा बिनतोड होता. त्यांनी नियमांची फाईल काढली. तीत या प्रसंगाची तरतूद नव्हती. तेव्हा त्यांनी रीतसर विचारणा लिहिली आणि किटलीसमोर उभं राहून वाचून दाखवली: “आपण शेरा दिलेला नाही, की आपला शेराच कोरा आहे, याचा कृपया खुलासा व्हावा.” मग दुसरा कागद वाफेवर धरला.

या वेळी लगेच उमटलं. एकच शब्द होता: ‘कोरी.’

कागदाबद्दल असतं तर ‘कोरा’ लिहिलं असतं. व्याकरणाच्या बाबतीत चहा कधी चुकला नव्हता. तिघांनीही तो शब्द वाचला आणि दोघांनी शशिकलाबाईंकडे पाहिलं.

“खरं आहे,” शशिकलाबाई म्हणाल्या. “मला चव लागत नाही. वर्ष उलटून गेलं. मी जुनेच शेरे लिहिते. मी चोरी केली, साहेब.”

त्यांना वाटलं होतं की बोलून झाल्यावर फार वाईट वाटेल. पण पायातली घट्ट चप्पल काढल्यासारखंच वाटलं. मावशींनी पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

सचिवांनी मावशींकडे पाहिलं. “या काळात चहा बिघडला का?” त्यांनी विचारलं.

“माझ्या हातसून? कदीच नाय,” मावशी म्हणाल्या.

“मग बाईंचं काय करायचं, हे ज्याचा संबंध आहे त्यालाच विचारू.” त्यांनी तिसरा कागद घेतला आणि विचारणा वाचली. या वेळी उत्तराला वेळ लागला. किटलीत पाणी दोनदा घालावं लागलं. शेवटी दोन ओळी उमटल्या.

‘सगळ्यांकडे ज्याची त्याची चव लागते. बाईंकडे मला पहिल्यांदा माझी लागली.’

खाली बारीक अक्षरांत पुढे होतं: ‘पहिल्या घोटाला जाम, मग कोवळं गवत, जाताजाता मध.’

शशिकलाबाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. तोच शेरा होता, शब्दाला शब्द. म्हणजे इतके दिवस त्या जे लिहीत होत्या ते खोटं नव्हतं, एवढं त्यांना कळलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. सचिवांनी शिष्टाचार म्हणून खिडकीबाहेर पाहिलं.

मग त्यांनी सेवापुस्तक उघडलं. शेऱ्याच्या रकान्यात ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन शब्द छापलेले होते. त्यांनी पट्टी लावून ‘अपात्र’ खोडलं आणि पदाच्या रकान्यातही परीक्षक खोडून ‘पात्र’ असंच लिहिलं.

“साहेब, हे पात्र म्हणजे लायक, की भांडं?” शशिकलाबाईंनी विचारलं.

“शासकीय मराठीत दोन्ही एकच,” सचिव म्हणाले. “उद्या अकराला बसा.”

दुसऱ्या दिवशी त्या अकराला बसल्या. मावशींनी बुडबुडे पाहून पाणी उतरवलं, पानं घातली, तीन मिनिटं झाकण ठेवलं. शशिकलाबाईंनी कप ओठाला लावला आणि नेहमीची ऊब लागली. चव लागली नाही, आणि आज त्यांनी तशी वाटही पाहिली नाही. कप जड झाल्यावर त्या पदर सावरून उठायला लागल्या.

“थांबा वाईच,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या हातातल्या कागदावर अक्षरं उमटत होती.

‘अर्धाच.’

शशिकलाबाई परत खाली बसल्या आणि त्यांनी कप पुढे केला.