पापण्या मोजता येतील असा फोटो

"हलू नकोस," यजमान म्हणाले.

"मी कुठे हलतेय?" मॅडम म्हणाल्या, आणि हे विचारतानाच हलल्या.

यजमानांनी कॅमेरा खाली घेतला, एक लांब सुस्कारा सोडला आणि लेन्सची कडी पुन्हा पहिल्यापासून फिरवायला घेतली. रविवारची सकाळ होती. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची मांडून मॅडम बसल्या होत्या. अंगात इस्त्रीचा पांढरा कोट आणि ओठांवर हसू. बसल्या तेव्हा ते खरं होतं. आता नुसतं ओठांवर राहिलं होतं, पाहुणे गेल्यावर टेबलावर कप राहतात तसं.

मॅडम म्हणजे फिजिओथेरपिस्ट. पेशंट त्यांना मॅडम म्हणत ते साहजिकच होतं, पण घरातही तेच नाव रुजलं होतं. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, यजमान जपून म्हणायचे. मॅडमचा नवा दवाखाना दुसऱ्या दिवशी उघडणार होता. दारावर चांगला खोलीभर लांबीचा बोर्ड लागणार होता, त्यावर मॅडमचा हसरा चेहरा आणि खाली त्यांनीच सुचवलेली ओळ: 'दुखणं आमच्यावर सोडा.' बोर्ड तयार होता, फक्त चेहऱ्याची जागा रिकामी होती, आणि बोर्डवाला दुपारी छपाईचं यंत्र बंद करून गावी जाणार होता.

खरं तर मॅडम शनिवारीच कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन आल्या असत्या. पण यजमान आडवे आले. "घरात फोटोग्राफर असताना स्टुडिओ? लोक काय म्हणतील?" लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण यजमानांचा चेहरा एवढा पडला की मॅडम हो म्हणून बसल्या.

यजमान विम्याच्या कचेरीत होते. वर्षभरापूर्वी त्यांनी साबणाच्या वडीएवढा एक मिररलेस कॅमेरा घेतला. त्याच्याबरोबर आलेली लेन्स आपला फोकस आपणच करायची, समोर माणूस आला की त्याचा डोळा शोधून काढायची. यजमानांनी ती डब्यातून बाहेरसुद्धा काढली नाही. "डोळा यंत्रानं शोधायचा आणि आपण फक्त बटण दाबायचं, तर मग आपण कशाला हवेत?" असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कुठून कुठून जुन्या, हातानं फिरवायच्या लेन्सा जमवल्या आणि मध्ये एक कडं घालून त्या कॅमेऱ्याला जोडल्या. लेन्स लोणच्याच्या बरणीएवढी आणि कॅमेरा तिच्या झाकणाएवढा, असा तो सगळा संसार होता.

"हिची मजा अशी," ते आता डोळा बारीक करून सांगत होते, "की डोळ्यावर फोकस केला, तर कानापर्यंत पोचेस्तोवर सगळं लोण्यासारखं वितळतं."

"मग करा की डोळ्यावर."

"करतोय. पण तू श्वास घेतेस."

"श्वास घेऊ नको?"

"घे, पण सावकाश. श्वास घेतलास की डोळा पुढे येतो."

पहिल्या फोटोत मॅडमचा कान सुरेख आला होता. दुसऱ्यात नाकाचा शेंडा. तिसऱ्यात मॅडम म्हणजे धुक्यातलं एक पांढरं गाठोडं होत्या, मात्र मागच्या फ्रीजवरचं कंपनीचं नाव असं ठसठशीत आलं होतं, की फोटो फ्रीजवाल्यांनी जाहिरातीला घ्यावा. सासूबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "आपला फ्रीज अजून किती नवा दिसतो नाही?"

मॅडमनी दातओठ खाल्ले, पण आतल्या आत. ओठ हसरे ठेवायचे होते.

"उजेड कमी पडतोय," यजमानांनी निदान केलं आणि खुर्ची खिडकीशी नेली. पडदा सरकेना. त्यांनी तो ओढला. पडदा आला, त्याच्याबरोबर दांडी आली आणि दांडीबरोबर भिंतीचा मूठभर गिलावा मॅडमच्या पांढऱ्या कोटावर आला.

"कालच इस्त्री करून आणलाय हा कोट," मॅडम म्हणाल्या.

"झटकला की झालं. फोटोत कोट वितळणारच आहे."

आता एका बाजूनं उजेड फार आणि दुसऱ्या बाजूला काळोख. त्यावर उपाय म्हणून यजमानांनी पांढरी चादर काढली आणि ती दोन्ही हातांनी उंच धरून उभं राहायचं काम आईवर सोपवलं. सासूबाईंचा उजवा खांदा दोन महिने आखडलेला होता. मॅडम रोज सकाळी त्याच्याशी झटत होत्या आणि नुकता कुठे तो ऐकायला लागला होता.

"आई, हात खाली घ्या."

"अगं, मला काही होत नाही."

"तुम्हाला काय होतं ते मला माहीत आहे. खाली घ्या."

"मॅडम, इकडे बघ," यजमान म्हणाले. "फोकस गेला."

"त्यांचा खांदा जाईल."

"आई, अजून थोडा वर. हां. आता मस्त उजेड आलाय."

सासूबाईंनी हात वर नेला, आणि 'आई गं' म्हणून चादरीसकट खाली बसल्या. मॅडम धावल्या. खांदा तपासला, हात जपून खाली आणला, शेक द्यायला पिशवी गरम केली. सासूबाई वेदनेतही लेकाची बाजू सोडत नव्हत्या. "त्याला ओरडू नकोस. कलेचं काम आहे."

मॅडम परत येऊन खुर्चीवर बसल्या. यजमान कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं खुपसून होते. त्या पडद्यावर जिथे फोकस लागेल तिथे लाल ठिपके चमकत.

"डोळ्यावर लाल आलं पाहिजे," ते पुटपुटले. "येईना अजून."

"तिच्या डोळ्यावर मघापासून लाल आहे," सासूबाई शेकाची पिशवी धरून म्हणाल्या. "तुझ्या यंत्रालाच दिसत नसेल."

आणि त्याच वेळी यजमानांना एक शोध लागला. सामान्य माणूस रागावला की हातवारे करतो, येरझाऱ्या घालतो, भांडी आपटतो. मॅडमचं तसं नव्हतं. त्या रागावल्या की थिजत. मान नाही, पापणी नाही, श्वाससुद्धा बेतानं. आत्ता त्या तशाच बसल्या होत्या, समोर रोखून बघत. पडद्यावर दोन्ही डोळ्यांवर लाल ठिपके लखलखले. यजमानांनी बटण दाबलं. फोटो मोठा करून पाहिला.

"पापण्या मोजता येतात," ते म्हणाले.

मॅडमनी फोटो पाहिला. "ही बाई उद्या पेशंटचे पाय मोडणार आहे असं वाटतं. हा नको. हसरा हवा."

झालं. पुन्हा हसू आलं, त्याच्याबरोबर हलणं आलं आणि फोकस गेला. यजमानांच्या डोक्यात आता एकच हिशेब होता: डोळे रागाचे आणि ओठ हसरे, असा योग जुळवायचा. ओठ मॅडम सांभाळणार, राग आपण पुरवायचा. त्यांनी कडीवर बोट ठेवलं आणि अगदी सहज सुरात म्हणाले, "पण खरं सांगू का, एवढा मोठा बोर्ड लावायचा, दवाखाना म्हणायचं, शेवटी फिजिओथेरपी म्हणजे काय, अंग रगडणंच ना?"

सासूबाईंनी शेकाची पिशवी खाली ठेवली.

साडेचार वर्षांचं शिक्षण, लकवा झालेल्या माणसांना भिंतीला धरून टाकायला लावलेलं पहिलं पाऊल, 'तुम्ही मालिश करता ना?' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला शांतपणे दिलेलं उत्तर, हे सगळं मॅडमच्या डोळ्यांत एका जागी येऊन उभं राहिलं. त्या पुतळ्यासारख्या झाल्या. ओठ मात्र हसरे राहिले नाहीत. यजमानांनी भराभर बटण दाबलं.

"फोकससाठी म्हणालो गं," ते आनंदानं म्हणाले. "मुद्दाम. मनातलं नव्हतं ते."

मॅडम उठल्या, न्हाणीघरात गेल्या आणि आतून कडी लावली. नळ मोठा सोडल्याचा आवाज आला आणि तो थांबेना.

तेवढ्यात बोर्डवाल्याचा फोन आला. मॅडमचा मोबाइल टेबलावर होता, यजमानांनी उचलला. "गाडीची वेळ होत आलीय साहेब. आत्ताच्या आत्ता फोटो पाठवा, छापून बोर्ड लावतो आणि निघतो, नाहीतर तो चेहऱ्याशिवायच लागेल."

यजमानांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. दार वाजवायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. हसरे फोटो पुष्कळ होते, पण ते मॅडमचे आहेत हे शपथेवर सांगावं लागलं असतं. आणि आत्ताचा हा एक होता. पापणीन् पापणी वेगळी. कुठल्याही कलावंतापुढे फोकसचाच प्रश्न उरला असता, त्यांच्यापुढेही तोच उरला. त्यांनी तो फोटो पाठवून दिला.

सोमवारी सकाळी मॅडम दवाखान्यापाशी पोचल्या आणि रस्त्याच्या पलीकडेच थांबल्या. दारावरून त्यांचाच चेहरा, दाराहून मोठा, त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होता. खाली लिहिलं होतं, 'दुखणं आमच्यावर सोडा.'

त्यांनी यजमानांना फोन लावला. त्यांचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "आज घरी लवकर येऊ नका," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून घरात बोलणं सासूबाईंमार्फत व्हायला लागलं.

बोर्डवाला गावाहून शनिवारी परतणार होता, तोवर बोर्ड उतरणं शक्य नव्हतं. आणि दवाखान्यात एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. पेशंट दारातून आत येतानाच कबुली द्यायचे. गुडघ्याच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, मी आजवर व्यायाम करते म्हणून सांगत होते, ते खरं नव्हतं. कालपासून करते." कंबरेचे एक गृहस्थ तर बाहेर बाकावरही पाठ ताठ ठेवून बसू लागले. मॅडम सगळ्यांशी हसून बोलत, आणि ते हसू बघून लोक आणखी सावध होत.

गुरुवारी एक नवे पेशंट आले, मान धरलेले. मॅडमनी हसून बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

"मला बोर्डावरच्या डॉक्टरांना दाखवायचंय. त्या कधी येतात?"

"मीच ती."

त्यांनी मान वळत नव्हती म्हणून सगळं अंग वळवून दाराकडे पाहिलं, मग पुन्हा मॅडमकडे. "नाही हो. तुम्ही त्यांच्या धाकट्या बहीण असाल. मला त्याच हव्यात. मेहुणे म्हणाले, त्यांच्या नुसत्या धाकानं मान सुटते."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"हां," गृहस्थ घाईघाईनं बसत म्हणाले, "आता ओळखलं."

त्या संध्याकाळी मॅडम तडक कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेल्या. नवा फोटो काढायचा, हसरा, आणि शनिवारी ती अवदसा खाली उतरवायची. स्टुडिओवाल्यानं दिवे लावले, त्यांना स्टुलावर बसवलं. कॅमेऱ्यानं टिंग करून स्वतःच डोळा शोधला. मॅडम मनापासून हसल्या. किती सोपं होतं हे.

"तो दवाखान्याचा बोर्ड तुमचाच ना?" स्टुडिओवाला म्हणाला. "रोज जाता-येता बघतो. कुणी काढला हो तो फोटो?"

"घरीच काढलाय."

"वाटलंच. हौशी माणसाचं काम. हल्ली काय, कॅमेरा घेतला की झाला फोटोग्राफर. कशाचा कशाला पत्ता नसतो."

मॅडमचं हसू थांबलं. "पापण्या बघितल्यात त्यातल्या?"

"पापण्या?"

"मोजता येतात. तो फोकस हातानं केलेला आहे. एवढीशी कडी असते, केसभर इकडेतिकडे झाली की डोळा सुटून कानावर जातो. तुमच्यासारखं यंत्रानं टिंग केलं की दाबलं बटण, असं नाही ते. सगळी सकाळ घालवली त्या माणसानं."

हे शब्द कुणाचे आहेत ते बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचाही राग आला. त्या स्टुलावर थिजून बसल्या. स्टुडिओवाल्यानं तेवढ्यात दोन-तीनदा बटण दाबलं. संगणकावर फोटो आला. तीच बाई, तसेच डोळे. स्टुडिओवाल्यानं सवयीनं चेहरा गुळगुळीत केला, तशा पापण्याही पुसून गेल्या.

"परत काढू या. जरा हसा," तो चाचरत म्हणाला.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या आणि पर्स उचलून बाहेर पडल्या. घरी जाताना दवाखान्यासमोर त्या क्षणभर थांबल्या. बोर्डाकडे मान वर करून पाहिलं. डाव्या डोळ्यापासून त्यांनी सुरुवातही केली होती, पण मागून कुणीतरी 'नमस्कार मॅडम' म्हणालं आणि मोजणी चुकली.

घरात सासूबाई टीव्ही बघत होत्या. यजमान शेजारी अंग चोरून बसले होते.

"आई," ते हळूच म्हणाले, "तिला विचार, उशीर का झाला."

"स्टुडिओत गेले होते," मॅडम त्यांच्याकडेच बघून म्हणाल्या. चार दिवसांत पहिल्यांदाच. "बंद होता."

यजमानांचा चेहरा उजळला, मग त्यांनी तो सावरला. "मग बोर्डाचं काय?"

"राहू दे आहे तो." मॅडमनी पर्स खुंटीला अडकवली. "रविवारी एक हसरा काढून बघा, घरात लावायला. पण तोंडातून अक्षर काढायचं नाही."

यजमानांनी मान डोलावली. आणि चुकून काही निघू नये म्हणून तेव्हापासूनच गप्प बसले.