डब्याला भोकं किती?

व्हिडिओ गेमचा नवा डबा समोर आला, की करडेकाका आधी त्याची भोकं मोजतात. रिमोटची वायर खुपसायची भोकं. दोन असली तर "ठीक". चार असली तर चष्मा कपाळावर सरकवतात आणि डबा दोन्ही हातांनी उचलतात. आणि एकही नसलं, म्हणजे डबा बिनवायरच्या जमान्यातला असला, तर तो एका बोटानं काउंटरवरून तुमच्याकडे परत ढकलतात. "यात माणसं कुठून बसायची?"

कसबा पेठेत त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. रुंदीला एक माणूस, खोलीला दीड. वर पोटमाळा, तिथंच ते राहतात. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही. देशात परदेशी माल धो धो यायला लागला त्या दिवसांत ते व्हिडिओ गेमपाशी येऊन पोचले आणि तिथंच रुतले. दुकानात दोन पाट्या होत्या. एक : "गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारून आणल्यास दुरुस्ती होणार नाही. आम्हाला कळते." दुसरी : "दुकान एक ते चार बंद. शटर वाजवल्यास ते पाचला उघडेल."

मी अमरावतीचा. आयटीतल्या नोकरीसाठी पुण्यात आलो आणि करडेकाकांच्या दुकानासमोरच्या इमारतीत खोली घेतली. सॉफ्टवेअर तपासून त्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. पहिल्या चार पगारांतून घेतलेला गेमचा डबा तीन महिन्यांत बंद पडला, तो घेऊन मी गेलो तेव्हा एकला पाच कमी होते. काकांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शटर ओढलं.

"अहो, पाच मिनिटं आहेत ना अजून," मी म्हणालो.

"ती शटर ओढायला लागतात."

माझ्या नाकासमोर शटर जमिनीला टेकलं. आमच्याकडे भर दुपारी दारात आलेल्या माणसाला पाणी विचारतात. मला इतका राग आला की मी शटरवर दोन थापा मारल्या. त्या दिवशी दुकान खरोखरच पाचला उघडलं.

तिथून आमचं भांडण सुरू झालं, ते तीन वर्षं चाललं. "या, अमरावती," असं म्हणून ते सुरुवात करायचे. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांच्या मते जगातली शेवटची सुधारणा म्हणजे चार भोकांचा डबा. चार माणसं एका सतरंजीवर, एकमेकांच्या कोपराला कोपर. तिथून पुढं सगळी उतरण.

"काका, आता चित्र बघा किती खरं दिसतं. गवताचं पातंन्‌पातं हलतं."

"गवत बघायला तळजाईची टेकडी आहे. फुकट."

"हवेत हात फिरवला की पडद्यावर टेनिस खेळता येतं."

"पूर्वी असं कोणी करायला लागलं की त्याला डॉक्टरकडे न्यायचे. आता वर पैसे घेतात."

सगळ्यात जास्त ते ऑनलाइनवर भडकायचे. मी म्हणायचो, घरबसल्या अख्ख्या जगाशी खेळता येतं. ते म्हणायचे, अख्खं जग माझ्या ओळखीचं नाही. मी म्हणायचो, माणूस जपानात असला तरी हरवता येतो.

"हरल्यावर त्याचं तोंड दिसतं?"

"नाही."

"मग जिंकलात कशात?"

यावरचं उत्तर मला जिना चढताना सुचायचं. मग मी परत खाली उतरायचो. एकदा तर मी आंघोळीतून तसाच ओल्या डोक्यानं जाऊन त्यांना एक मुद्दा ऐकवून आलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डोकं पुसा. आत काही असेल तर गंजेल."

एका शनिवारी मला सुट्टी होती. दुपारी दोनच्या सुमाराला त्यांच्या दुकानावरून जात होतो. शटर खाली, पण पुरतं टेकलेलं नव्हतं. वीतभर फटीतून निळा उजेड येत होता, आणि आतून काकांचा आवाज : "डावीकडून घे, गाढवा. डावीकडून."

मी वाकून पाहिलं. स्टुलावर बसून काका मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत होते. ऑनलाइन.

मी पाचची पर्वा न करता शटर वर केलं. तीन वर्षांचा राग होता. "मले अक्कल शिकवून राहिले होते ना तुम्ही?" रागावलो की माझी अमरावती बाहेर येते. "जग ओळखीचं नाही म्हणे. मग हे काय चालू आहे?"

काका दचकले नाहीत. "गिऱ्हाइकानं सोडून दिलेला डबा आहे. तपासतोय."

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

मी डब्याच्या मागं बोट दाखवलं. इंटरनेटची वायर तिथून आत गेली होती. "हे भोक कधी मोजलं नाहीत तुम्ही."

"ते भोक नाही, खिंडार आहे," काका म्हणाले. "आता बसा नाहीतर जा. उजेड येतोय."

मी बसलो, भांडण अर्धवट राहिलं होतं म्हणून. पडद्यावर दोन मोटारी होत्या. एक काकांची, दुसरीवर नाव होतं "टायगर ५२". शर्यत सुरू होण्याआधी टायगरनं दोनदा हॉर्न वाजवला. काकांनीही दोनदा वाजवला. पुढं एका वळणावर काकांची मोटार दरीत गेली. मला बरं वाटलं. ती पुन्हा रस्त्यावर आली तेव्हा टायगरची मोटार वळणापाशी नुसती उभी होती.

"हा का थांबला?"

"थांबतो. मी पडलो की थांबतो." काका पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले. "मूर्ख आहे."

टायगर रोज यायचा. तीन वर्षांत दोघं एक शब्द बोलले नव्हते. त्या जुन्या खेळात लिहायची सोय नव्हती. बोलायचं तर कानाला हेडफोन आणि तोंडापाशी माइक लावावा लागायचा, आणि खेळताना बडबड करणाऱ्यांसाठी ती सोय आहे म्हणून काकांनी तो कधी लावलाच नाही. टायगर कोण, कुठला, बाई की बाप्या, काही ठाऊक नव्हतं. फक्त दोन हॉर्न.

यानंतर मी शहाणा व्हायला हवं होतं. पण तीन वर्षं टोमणे खाल्लेल्या माणसाला असं हत्यार मिळालं की राहवत नाही. दोन महिन्यांनी ऑफिसात बातमी वाचली, की तो खेळ बनवणारी परदेशी कंपनी जुन्या डब्यांची ऑनलाइन सोय महिनाअखेर बंद करणार. मी बसथांब्यापासून जवळजवळ पळतच दुकानात गेलो आणि म्हणालो, "काका, तुमचं खिंडार बुजवताहेत."

काका सोल्डरिंग करत होते. त्यांनी हातातली सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवली. मी टोला येईल म्हणून वाट पाहत उभा राहिलो. टोला आला नाही.

"त्याला कसं कळवायचं?" ते म्हणाले.

मला माझीच लाज वाटली. हा माणूस एकटा आहे, हे मला तीन वर्षं कळलं नव्हतं. भांडायला ते रोज इतके भरपूर असायचे की कोणी नसलेला माणूस असा असतो असं वाटलंच नाही.

काका नंतर चिडले, आणि चिडले ते सगळ्या कंपन्यांवर. फुलस्केप कागदावर मराठीत पत्र लिहिलं. "नळ तोडायचा तरी आधी नोटीस देतात. आपण दोन माणसे मधोमध तोडत आहात. यास सुधारणा म्हणत असल्यास तसे लेखी कळवावे." डब्याच्या पुठ्ठ्यावर छापलेल्या परदेशी पत्त्यावर ते रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसकट गेलं. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, मराठी कळेल का त्यांना? काका म्हणाले, "पुण्यात माल विकताना कळलं होतं."

शेवटच्या दिवशी मी रजा टाकून माझा हेडफोन नेला. काकांनी तो टोपी घालावी तसा घातला आणि ट्रंककॉल लावल्यासारखे ओरडले. "हॅलो. मी करडे बोलतोय. कसबा पेठ. उद्यापासून हे बंद आहे. ऐकू येतंय का? करडे. क करवतीचा."

पलीकडून काही आलं नाही. टायगरकडे बहुधा हेडफोन नव्हता. त्यालाही बडबड आवडत नसावी. त्यानं नेहमीसारखा दोनदा हॉर्न वाजवला.

शर्यत सुरू झाली, पण ती कोणी संपवली नाही. काका शेवटच्या रेषेपाशी येऊन थांबले. टायगर मागून आला आणि शेजारी थांबला. दोन्ही मोटारी तिथं बराच वेळ उभ्या होत्या. मग पडदा काळा झाला आणि संपर्क तुटल्याची एक ओळ आली. काकांनी हेडफोन काढून मला दिला. "वायर लूज आहे तुमची. टाकून जा, करून ठेवतो."

पुढचे पंधरा दिवस ते माझ्याशी भांडले नाहीत. मला ते सहन होईना. मी मुद्दाम नव्या डब्यांची तारीफ केली, गवताचा विषय काढला. ते "असेल" म्हणायचे. शेवटी मी ऑफिसात करतो तेच काम सुरू केलं. घडलेलं पुन्हा पुन्हा तपासायचं.

"काका, टायगर किती वाजता यायचा?"

"एक वाजून दहा."

"जायचा?"

"चारला दहा कमी. शिस्तीचा होता."

"दांडी?"

"गुरुवारी. सगळ्या नाही, कधीमधी."

मी पुण्यावर इतकी वर्षं चिडलो होतो ते उगाच नाही. अख्ख्या जगात रोज एक ते चार मोकळा असणारा माणूस कुठं सापडेल? आणि वीजवाले दुरुस्तीसाठी लाईट घालवतात ते गुरुवारी, आलटून पालटून एकेका भागात.

"इथलाच आहे हो," मी म्हणालो.

"दुकानदार," काका म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. चार भोकांचा डबा बघतानाच ते असं करत.

दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर तिसरी पाटी लागली. "मोटारींच्या खेळात 'टायगर ५२' या नावाने रोज येणाऱ्या व मी पडल्यावर विनाकारण थांबणाऱ्या इसमाने समक्ष भेटावे. दुसरा रिमोट आहे. माइक लागणार नाही." मी तिचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला. लोकांनी पुणेरी पाटी म्हणून हसून एकमेकांना पाठवली. दोन दिवसांत ती माझ्याकडेच सहा वेळा परत आली, आणि एकालाही ती खरी वाटली नाही. मी त्या सगळ्यांना उलट उत्तरं लिहिली. त्यांत दोन मित्र तुटले. तुटू देत.

पुढच्या गुरुवारी मला सुट्टी होती. दीड वाजता खाली आलो तर सगळ्याच पेठांतली लाईट एकदम गेलेली, दोन्ही बाजूंची शटरं खाली, गल्लीत चिटपाखरू नाही. करडेकाकांचं दुकान मात्र सताड उघडं होतं. जुन्या पाटीतला "बंद" खोडून वर "उघडे" लिहिलं होतं. आत अंधारात काका बसले होते. शेजारचं स्टूल, ज्यावर तीन वर्षं मी जुन्या मदरबोर्डांचा ढीग पाहत आलो होतो, पुसून रिकामं केलेलं होतं. डब्याच्या दोन्ही भोकांत दोन रिमोट लावलेले.

मी त्या स्टुलावर टेकायला गेलो.

"ते तुमचं नाही, अमरावती."

मी उठलो. "काका, लाईट नाही. टीव्ही लागणार नाही. मग आज कशाला उघडं ठेवलंत?"

"त्याच्याकडेही नसेल," काका गल्लीच्या तोंडाकडे बघत म्हणाले. "म्हणजे आज तो मोकळा असेल."

मी बाहेरच्या पायरीवर बसलो.