टाकी भरल्याची पूरक खातरजमा

टाकी भरली की टाकीवाला बिनतारी संचावर "भरली" म्हणे, आणि अर्ध्या मैलावरच्या पंपघरात त्याचा मेहुणा पंप बंद करी. अकरा वर्षं हे काम बिनबोभाट चाललं होतं, ही गंभीर बाब शेवटी कार्यालयाच्या ध्यानात आली. एवढं सुरळीत म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं साहेबांना वाटलं.

म्हणून आहे त्याच संचावर दुसरी, पूरक वाहिनी बसवण्यात आली. पहिलीवर निरोप द्यायचा, दुसरीवर त्याची खातरजमा करायची, मगच पंप बंद. संच मात्र एका वेळी एकच वाहिनी ऐके.

"साहेब, मी पहिलीवर असताना तो दुसरीवर गेला तर?" टाकीवाल्याने विचारलं.

"तुम्हीही दुसरीवर जा."

"तोवर तो पहिलीवर परत आला तर?"

"अहो, म्हणून तर दोन दिल्यात!" साहेबांनी हाका, मोबाइल आणि तोंडी निरोप ही अनधिकृत माध्यमं ठरवून सही ठोकली.

मंगळवारी सकाळी टाकी भरली. टाकीवाला पहिलीवर "भरली" म्हणाला. मेहुण्याने ते ऐकलं आणि तो खातरजमेसाठी दुसरीवर गेला. पोच येईना म्हणून टाकीवाला पहिलीवरच ओरडत राहिला. तो दुसरीवर पोचला, तेव्हा मेहुणा त्याला शोधायला पहिलीवर परतला होता. तासभर दोघे असे एकमेकांच्या पाठी धावत होते, आणि पाणी उतारावर.

टाकीच्या पायथ्याशीच टाकीवाल्याचं घर. त्याची बायको शिवणकाम करी. ती धापा टाकत जिना चढून आली.

"अहो, घरात घोट्याएवढं पाणी! लोकांचे कपडे तरंगतायत. मशीन खाली जमिनीवरच आहे हो!"

"संच सोडला तर नोकरी जाईल गं. पळ, तुझ्या भावाला सांग!"

पंपघरात भाऊ कळवळला. "ताई, सगळं पटतंय. पण खातरजमा कुठाय?"

"थांब, करते तुझी खातरजमा!" म्हणत तिने त्याला बाजूला ढकललं आणि पंप बंद केला. ती घरी पोचेतो मशीन बुडालं होतं.

चौकशी झाली. पंप अनधिकृत व्यक्तीने बंद केल्याचा ठपका टाकीवाल्यावर आला आणि तिसरी वाहिनी मंजूर झाली.

"साहेब, एवढी वस्ती बघत होती. कुणीच कसं कळवलं नाही?" टाकीवाल्याला रडू फुटलं.

"नाही कसं?" साहेबांनी मोबाइल पुढे केला. टाकीवाल्याच्याच घराच्या खिडकीतून काढलेला व्हिडिओ गावभर फिरत होता.

तुम्हालाही आला होता की! 'काय हा कारभार' असं लिहून तुम्ही तो लगेच पुढे पाठवलात. तेव्हा मशीन बुडायला वीतभर पाणी कमी होतं.