एकाआड एक कप्पा

मन्मथअप्पा प्लास्टिक हुंगून विकत घेतात. लोक खरबूज हुंगतात, तूप हुंगतात. अप्पा माझ्या स्टेशनरीच्या दुकानात येतात, कार्डं ठेवायच्या पारदर्शक पानांचा नवाकोरा गठ्ठा फोडायला लावतात, त्यातलं एक पान नाकाशी धरतात आणि डोळे मिटतात. नव्या रेनकोटसारखा वास आला की गठ्ठा नापास. तसल्या वासाचं प्लास्टिक पुढे चिकट होतं आणि कार्डावरची छपाई उचलतं, असं त्यांचं म्हणणं.

"अप्पा, मागच्या वेळी नेलात तोच माल आहे हा."

"कशावरून?"

"वर नाव लिहिलंय ना तेच."

"लिहायला काय लागतंय? शक न्हाई अक्का, इचारून राहिलो फक्त."

मी त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे, तरी मला ते अक्काच म्हणतात. आणि 'शक न्हाई, इचारून राहिलो' हे ते सगळ्यांनाच म्हणतात. भाजीवालीला, मीटर बघायला येणाऱ्याला, डॉक्टरांनाही. डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं, तर अप्पांनी मशीन कधी तपासून घेतलं होतं ते विचारलं. लग्नही त्यांनी याच कारणाने केलं नाही. मुलगी पसंत होती, पण तिचा भाऊ जरा जास्तच हसत होता म्हणे.

अप्पांचं सगळं आयुष्य लातूरला किराणा दुकानात गेलं. अकरा वर्षांपूर्वी ते नांदेडला आले आणि माझ्या दुकानामागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिले. त्यातली एक त्यांची, दुसरी कार्डांची. पूर्वी बबलगमच्या पुडीत क्रिकेटपटूंची कार्डं मिळायची, ती. प्रत्येकावर फोटो आणि मागे नंबर. असा एकेक संच शे-दोनशे कार्डांचा, आणि असे कितीतरी संच. पोरं एकमेकांत अदलाबदल करून ते जमवायची. अप्पांनी जमवले ते दुकानात बसून. गमची बरणी आली की पुड्या अलगद उघडायच्या, हवं ते कार्ड काढून घ्यायचं, आपल्याकडे दोनदा आलेलं आत सरकवायचं आणि पुडी पुन्हा चिकटवायची.

"म्हणजे पोरांना फसवलंत की!"

"फसवलं कसं? गम तर दिला ना बराबर?"

लातूरच्या त्या गल्लीतल्या पोरांना सहा महिने एकाच दाढीवाल्या गोलंदाजाचं कार्ड मिळत होतं. इतका संशयी माणूस कसा तयार होतो याचं उत्तर मला तेव्हा मिळालं. स्वतः काय काय केलंय ते त्याला पक्कं ठाऊक असतं.

खणांना लावायच्या चिठ्ठ्या छापून द्यायला मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. दारातच त्यांनी माझे हात तपासले. मी क्रीम लावलं होतं. साबणाने दोनदा धुवायला लावले. कार्डांच्या खोलीतलं लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेलं, कारण भिंत पावसाळ्यात ओल धरते. खणाखणात चपलांच्या खोक्यातून निघतात तसल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या. कपाटाच्या मुठीला पांढरा दोरा बांधलेला, कोणी उघडलं तर कळावं म्हणून.

"इथे येतं कोण, अप्पा?"

"कोणी न्हाई."

"मग?"

"आलं तर?"

मे महिना होता. नांदेडचं ऊन मी तुम्हाला सांगायला नको. पण कूलरची हवा दमट, ती कार्डांना चालत नाही, म्हणून कूलर बाहेरच्या खोलीत आणि मधलं दार बंद. आत अप्पा कपाळाला पंचा बांधून बसतात, घामाचा थेंब कार्डावर पडू नये म्हणून.

त्यांनी अल्बम उघडून दाखवला. एका पानात नऊ कप्पे. पहिल्यात एक नंबरचं कार्ड, दुसरा रिकामा. मग तीन नंबर, मग रिकामा. पाच, रिकामा. पुढचं पान तसंच. पुढचा अल्बमही तसाच. सगळे विषम नंबर हजर, सम नंबर एकही नाही.

मला व्यवस्थित कामाची सवय आहे. अर्धवट संच बघून माझे हात शिवशिवले. "अप्पा, ही कार्डं आता मोबाईलवरून मागवता येतात. मी मागवून देते. भरून टाका कप्पे."

त्यांनी अल्बम मिटला. "ती जागा दुसऱ्याची हाय."

"कोणाची?"

"ज्याची हाय त्याची."

तेव्हापासून मलाही संशय धरायची सवय लागली. माझ्या लक्षात आलं, की हा माणूस सगळं दोन-दोन नेतो. पानांचे दोन गठ्ठे, दोन अल्बम. कार्डं तर अर्धीच, मग सामान दुप्पट कशाला? एकदा त्यांनी माझ्याकडून सूचनांचा कागद टाईप करून घेतला : 'कार्डांना रबर लावू नये. हात धुवून कोरडे करावेत. ट्रंकेत ठेवू नये.' त्याच्याही प्रती दोन. माझी खात्री पटली, की अप्पा माझाच माल पलीकडे कुठेतरी दुकान थाटून विकतात. मी त्यांच्या पिशवीवर डोळा ठेवायला लागले.

मग लातूरहून फोन आला.

"तुम्ही नांदेडच्या दुकानवाल्या का? मी संगप्पा बोलतोय. तुम्ही मला दर दोन-तीन महिन्याला प्लास्टिकची पानं कामून पाठवून राहिलात? मी मागितली न्हाईत."

"मी कुठे पाठवते?"

"पार्सलवर तुमच्याच दुकानाचं नाव आन् नंबर हाय. फुकट कोण देतंय आजकाल? काय पाहिजे तुम्हाला माझ्याकडून? शक न्हाई, पण इचारलेलं बरं."

हे ऐकल्यावर हा माणूस अप्पांचा कोण ते विचारायची गरज उरली नाही. चौकशी करून कळवते म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी अप्पांना दुकानात बसवलं आणि सरळ विचारलं. माझ्या दुकानाचं नाव मला न विचारता पार्सलवर कसं? त्यांनी आधी रस्त्यावर कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"धाकटा भाऊ हाय. माझं नाव बघितलं तर पार्सल परत धाडील."

दोघा भावांनी मिळून ती कार्डं जमवली होती. अप्पा पुड्या उघडायचे, संगप्पा चिकटवायचा. पुढे दुकानावरून बिनसलं आणि वाटणी झाली. त्यांच्याकडे रीत अशी, की मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे मोठा वाटे सारखे पाडतो. दुकान झालं, शेत झालं, पितळेची भांडी झाली. शेवटी पंचांनी कार्डांची ट्रंक पुढे ओढली. अप्पांनी एक इकडे, एक तिकडे, असे सगळे संच वाटले.

"असं कशाला? अर्धे संच त्याला, अर्धे तुम्हाला द्यायचे. दोघांचेही पुरे राहिले असते."

"पुरे राहिले असते तर तो कशाला आला असता?" अप्पा म्हणाले. "मला वाटलं, आज न्हाई उद्या येईल. दादा, तुमचा एकवीस नंबर दाखवा म्हणील. तर तो उलटंच समजला. मी मुद्दाम त्याचे संच मोडले म्हणाला. गेला निघून सम नंबर घेऊन."

अकरा वर्षं दोघं बोललेले नाहीत. आणि संगप्पाला कार्डं ठेवायची अक्कल नाही. तो गठ्ठे करून रबर लावतो आणि ट्रंकेत टाकतो. लातूरच्या उन्हात रबर वितळतं आणि कार्डाला बसतं. मग ते सोलताना चेहराच निघून येतो.

"माझं नाव घेऊ नका, अक्का. रागाच्या भरात तो होती ती पानं फेकून देईल. त्याच्याकडचं गेलं की माझ्याकडचंही गेलं. एकट्या विषमाला काय करायचं?"

मला खोटं बोलायचा कंटाळा आहे. खोटं लक्षात ठेवावं लागतं. पण मी संगप्पाला फोन लावला आणि आमच्या दुकानाची जुन्या संग्राहकांसाठी योजना आहे असं ठोकून दिलं.

"योजना," तो म्हणाला. मग पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला.

"ताई, एक सांगा. दुकानदार कधी गिऱ्हाइकाला हात धुवा म्हणून चिठ्ठी घालतो का? आणि मी रबर लावतो हे तुमच्या योजनेला कसं कळलं?"

व्यवहारात कधी गप्प बसायचं ते मला कळतं.

"पानं लई पातळ हायत," संगप्पा म्हणाला. "अल्बम उभा केला की वाकतात. त्याला म्हणावं, पाठवायचीच तर जाड पाठव." आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी अप्पा आले. मी पातळ पानं काढलीच नाहीत. जाड पानांचे दोन गठ्ठे समोर ठेवले.

"हे कामून? मी मागितले न्हाईत."

"लातूरहून मागणी आलीय. अल्बम उभा केला की पातळ पानं वाकतात म्हणे."

अप्पा गठ्ठ्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. मागे एक मुलगी झेरॉक्ससाठी आली, थांबली, कंटाळून निघून गेली.

"अल्बम उभा करतोय म्हणजे," ते म्हणाले, "रबर काढलं की हो त्यानं."

मी मशीनमध्ये कागद भरायला वळले. भरलेलाच होता.