निरोपाच्या आधी

टँकरच्या केबिनमधल्या डब्यावर लाल दिवा लागला आणि बिभीषणच्या हातातला पाइप गळून पडला.

मुकुंदवाडीत सासूबाईंच्या, म्हणजे दगडाबाईंच्या दारात तो चोरून दोन पिंपं भरून देत होता. नळाला पंधरा दिवस पाणी नव्हतं. पण मालक काकासाहेबांचा हुकूम होता, भलत्या जागी कॉक उघडला की नोकरी गेली. त्यासाठीच कॉलेजातल्या सावनी मॅडमनी तिन्ही टँकरांत डबे बसवले होते. एक टँकर दुसऱ्याजवळून गेला की चोरीचा निरोप त्याला देणार, तो पुढच्याला, असं करत निरोप क्रांती चौकातल्या ऑफिसात.

"जावईबापू, एक कळशी राहिली."

"कळशी ऱ्हाऊ द्या, मामी. हितं माझी नोकरी चालली."

त्याने दुसऱ्या टँकरवरच्या अजिनाथला फोन लावला. "कुठं हाईस?"

"तुझ्याकडंच येतोय."

"येऊ नको. माझ्या टँकरच्या वाऱ्यालाबी उभा ऱ्हाऊ नको."

"काय झालं?"

"इचारू नको. लई वाईट झालंय."

अजिनाथ आधीच भित्रा. त्याने भरलेला टँकर थेट पैठण रस्त्याला पिटाळला आणि जाता जाता तिसऱ्या टँकरवरच्या रामकिसनलाही घाबरवलं. रामकिसनने आपला टँकर एका गोदामामागे दडवला. तिकडे दोन वसाहतींतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन ताटकळल्या आणि त्यांनी काकासाहेबांचा फोन तापवला.

पाऊण तासाने काकासाहेबांचा आवाज बिभीषणच्या कानात शिरला. "तुम्ही तिघं कुठं मेलात?"

म्हणजे अजून कळलेलं नव्हतं. निरोपाच्या आधी पोचायचं आणि डबाच बिघडलाय म्हणून सांगायचं, असं ठरवून बिभीषणने गाडी दामटली. रस्त्यात एकही आपला टँकर दिसला नाही, तेव्हा कुठे त्याला जरा धीर आला.

ऑफिसच्या दारात टँकर लावून तो आत गेला. तिथे बसलेल्या सावनी मॅडमच्या संगणकाचा पडदा कोरा होता.

"मालक, ते डबं बिघडल्यात बगा," तो म्हणाला.

तेवढ्यात पडदा उजळला. मुकुंदवाडी, कॉक उघडा, टँकर बिभीषणचा.

"कुठल्या टँकरनं आणला हा निरोप?" काकासाहेबांनी विचारलं.

"यांच्याच!" सावनी मॅडमना आनंद लपवता येईना. "वाटेत कुणी भेटलं नाही की डबा निरोप स्वतःजवळच ठेवतो. दादांनी तो स्वतः आणून पोचवला."

"आणि हा आलाच नसता तर?"

"तासाभरात आपोआप पुसला गेला असता. पाच मिनिटं राहिली होती."

काकासाहेबांनी हात पुढे केला. बिभीषणने टँकरची किल्ली त्यावर ठेवली.