नाडगौडा अण्णांची धार

नाडगौडा अण्णा आमच्याकडे आले की आधी बसायचे नाहीत. चपला दाराशी काढायच्या आणि सरळ स्वयंपाकघरात जायचं. ओट्यावरची सुरी उचलायची, तिची धार अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायची आणि बघायचं. नखात रुतली तर मान डोलायची. घसरली तर मेधाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे बघून म्हणायचे, "ही सुरी नव्हे, चमचा आहे. आमटी वाढायला घे." मग सुरी पेपरात गुंडाळून काखेत मारायची आणि चहाला बसायचं. दुसऱ्या दिवशी ती धार लागून परत यायची.

राजाजीनगरात आम्ही वरच्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा खालच्या घरातल्या या माणसाची मला जरा भीतीच वाटली. अण्णा मूळचे बेळगावकडचे. एका सरकारी कारखान्यात हत्यारं बनवायच्या विभागात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर मागच्या अंगणात नळाशेजारी दगड मांडून बसले आणि आळीतल्या सगळ्या सुऱ्या त्यांच्या झाल्या. कुणी धार लावून मागितली नाही तरी हरकत नसे. समोरच्या कन्नड बाई तर ते दिसले की सुरी आधीच बाहेर आणून ठेवायच्या.

स्वतः मात्र ते वस्तऱ्याने दाढी करायचे. मुलगा प्रसाद शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला राहतो, मोठ्या कंपनीत आहे. त्याने बापाला दाढीची दोन-तीन यंत्रं आणून दिली. ती सगळी अण्णांनी न फोडता कपाटात ठेवली. "गवत कापायला ठीक आहेत," म्हणाले.

एकदा मेधा त्यांना सहज म्हणाली, "अण्णा, आमच्या सुरीला तुमच्या वस्तऱ्यासारखी धार लावून द्या ना."

अण्णांनी कप खाली ठेवला. "वस्तऱ्यासारखी कशाला? टोमॅटोवरून घसरेल बघ. वस्तऱ्याची धार आरशासारखी गुळगुळीत लागते. केस कापला तरी गालाला पत्ता लागू नये. सुरीच्या धारेला स्वल्प खरखर हवी. त्याशिवाय सालीला चावत नाही ती. आणि वस्तऱ्याइतकी बारीक केलीस, तर पहिल्याच नारळाला धारेचे दात पडतील."

"मग अवघड काय? वस्तरा ना?" मी विचारलं.

"सगळ्यांना तसंच वाटतं. वस्तऱ्याला जाड पाठ असते. पाठ आणि धार दोन्ही दगडावर आडवी टेकवायची, की कोन आपोआप बसतो. बनवणाऱ्यानं तुझं निम्मं काम करून ठेवलेलं असतं. घाई करू नकोस, म्हणजे झालं. सुरीचं तसं नाही. ती दगडावर तिरकी धरावी लागते, आणि तो तिरकेपणा शेवटपर्यंत हलू द्यायचा नाही. तो कोन सुरीत नसतो, मनगटात असतो."

यावरून त्यांनी माणसांचीही वाटणी केली होती. प्रसाद वस्तरा. "हुशार, पण जपून हाताळावा लागतो." स्वतःच्या बायकोला, जिला सगळी आळी अक्का म्हणते, त्यांनी कौतुकानं सुरी म्हटलं. अक्का शांतपणे म्हणाल्या, "खरं आहे. रोज वापरा आणि सिंकमध्ये टाका."

गेल्या वर्षी कधीतरी अण्णा यायचे तसे आले आणि सरळ खुर्चीवर बसले. स्वयंपाकघराकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढेही तेच. मग त्यांनी दाढी वाढवली. आम्ही चेष्टा केली, तर म्हणाले, "वय झालं. आता संन्यास." मेधा स्वतः सुरी घेऊन खाली गेली, तर दगड झिजलाय, नवा मागवलाय, असं उत्तर आलं. नवा दगड काही आला नाही. समोरच्या बाई मेधाजवळ कुरकुरल्या, अण्णांना आता गर्व झाला म्हणून. मेधाला वाटलं, थकले असतील, उगीच त्रास नको. तिने सुरीला धार लावायचं एक छोटं यंत्र मागवलं. खाचेत सुरी घालायची आणि ओढायची. अण्णा आले तेव्हा ते ओट्यावरच होतं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, कन्नडात "सरी", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून गेले.

मध्यंतरी एका सकाळी पाण्याच्या मोटरची किल्ली द्यायला मी खाली गेलो. मागचं दार उघडं होतं. अण्णा नळापाशी दगडासमोर बसले होते. दगड जुनाच, अजून चांगला जाड. हातात वस्तरा होता. तो दगडावर आडवा ठेवून ते सावकाश पुढे नेत होते, उलटवून मागे आणत होते. वस्तरा अगदी सरळ जात होता. दगडाच्या कडेला पोचल्यावर त्यांनी तो उचलला आणि मला त्यांचा हात दिसला. हात थरथरत होता. पाण्याचे थेंब बोटांवरून उडत होते.

त्यांनी मला पाहिलं. लपवायला वेळ नव्हता.

"बस की," ते म्हणाले.

मी पायरीवर बसलो. "डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. गोळ्या चालू आहेत. वाढू नये म्हणून आहेत, जाण्यासाठी नाहीत. प्रसादला सांगू नकोस. लगेच मला तिकडे घेऊन जाईल."

"मग हे..."

"सुरी आता जमत नाही. दोनदा तुमचीच सुरी घेऊन बसलो होतो, धार पार बिघडवली. रात्रीतून नवी तशीच आणून दिली तुम्हाला. हा वस्तरा तेवढा अजून जमतो. गालाला लावायची सोय नाही, पण दगडावर जमतो."

मी म्हणालो, "मला शिकवा. सुऱ्या मी करत जाईन, तुम्ही सांगत बसा."

अण्णांनी वस्तरा पुसला. त्याला पुष्कळ वेळ लागला. "सांगून येत नाही रे ते. दाखवावं लागतं. दाखवता येत होतं तेव्हा कुणी विचारलं नाही. प्रसादनंही नाही, आणि मीही म्हटलं नाही त्याला, बस म्हणून."

आतून अक्का पाटी घेऊन आल्या. पाटीत अवरेच्या, वालासारख्या, शेंगा होत्या. त्या अण्णांशेजारी बसल्या आणि शेंगा सोलू लागल्या.

अण्णांनी मला जिन्यापर्यंत सोडलं. तिथे हळू आवाजात म्हणाले, "कित्येक महिने झाले, आमच्याकडे चिरलेली भाजी नाही. शेंगा सोलायच्या, घेवडा मोडायचा, पालेभाजी खुडायची, बटाटा उकडून कुस्करायचा. सुरी बोथट झाली हे मला दिसायला नको ना, म्हणून तुमची अक्का सुरी काढतच नाही. तिला वाटतं, माझ्या लक्षात आलं नाही."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? मला काचऱ्या फार आवडतात. ते तिला ठाऊक आहे."

ते परत अंगणात गेले आणि अक्कांच्या शेजारी बसले. एक शेंग घेऊन सोलायला लागले. दाणे हातातून निसटून फरशीवर घरंगळले. अक्कांनी मान वर केली नाही. हात लांब करून त्यांनी ते गोळा केले आणि पाटीत टाकले.